परदेशातून हयातीचा दाखला: न्यू जर्सीच्या सार्वजनिक ग्रंथालयातल्या संगणकावरून

मी डाक विभागातून निवृत्त झाले. केंद्र सरकारची पेन्शन आहे, त्यामुळे दरवर्षी नोव्हेंबरात बँकेला हयातीचा दाखला द्यावा लागतो. कोल्हापुरात असले की पासबुक आणि आधार घेऊन शाखेत जायचं, सही करायची, झालं. २०२४ चा नोव्हेंबर मात्र लेकीकडे न्यू जर्सीत आला. दाखला वेळेत पोचला नाही तर पुढची पेन्शन थांबते, आणि माझा घरखर्च, औषधं सगळं त्याच खात्यावर चालतं. त्या दिवसांत सगळ्यात जास्त उपयोगी पडलं ते इथल्या गावाचं सार्वजनिक ग्रंथालय आणि तिथले संगणक. माझ्यासारखे पुष्कळ आईबाप सहा-सहा महिने मुलांकडे येतात, म्हणून जे जे केलं ते तारखांसकट लिहून ठेवते आहे.

फोनवरून चेहरा दाखवून दाखला देण्याची सोय आहे, ती आधी करून पाहिली. पण माझं भारतातलं सिम इथे रोमिंगवर चालेना, आणि ओटीपी आल्याशिवाय ते ॲप पुढे सरकत नाही. दुसरा रस्ता न्यूयॉर्कच्या भारतीय वाणिज्य दूतावासाचा. तिथून दाखला मिळतो, पण लेक आणि जावई दोघांच्या कामाच्या दिवसांत मॅनहॅटनला जाणं जमण्यासारखं नव्हतं. तिसरा रस्ता फारसा कुणी सांगत नाही. पेन्शनर परदेशी राहत असेल आणि त्याने अधिकार दिलेल्या माणसाने मॅजिस्ट्रेट, नोटरी, बँक अधिकारी किंवा भारताच्या राजनैतिक प्रतिनिधीच्या सहीचा दाखला बँकेत दिला, तर पेन्शनरने स्वतः हजर राहायची गरज नसते. निघण्यापूर्वी मी भाच्याच्या नावाने अधिकारपत्र शाखेत देऊन आले होते. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पेन्शनरने हे आधी करून ठेवावं. इथून ते करायला बसलात तर तेच एक मोठं काम होतं.

आता फॉर्म उतरवून घ्यायचा, छापायचा, नोटरीसमोर सही करायची आणि स्कॅन करून पाठवायचा. घरात दोन लॅपटॉप, पण दोन्ही कंपनीचे. त्यांवर घरच्यांनीसुद्धा बसायचं नाही असा त्यांच्या कंपन्यांचा नियम, आणि तो मोडायला मी लेकीला सांगणार नाही. घरी प्रिंटर नाही. लेक म्हणाली, ''आई, लायब्ररीत जा. सगळं आहे तिथे.'' मिडलसेक्स काउंटीत आमच्या घरापासून ग्रंथालय पायी वीस मिनिटांवर आहे. पुस्तकांसाठी नातीबरोबर मी तिथे गेले होते. संगणकांच्या रांगेकडे मात्र कधी वळले नव्हते. ती मंडळी कोण असतात, आपल्याला बसू देतात का, पैसे किती पडतात, काहीच माहीत नव्हतं. मनात धाकधूक होतीच.

भाऊबीज झाल्यावर ४ नोव्हेंबरला, सोमवारी सकाळी गेले. बरोबर पासपोर्ट, पासबुकाची झेरॉक्स आणि लेकीचं ग्रंथालयाचं कार्ड. काउंटरवरच्या बाईंना कार्ड दाखवलं तर त्यांनी ते अलगद परत केलं. ज्याचं कार्ड त्यानेच वापरायचं, संगणकासाठीसुद्धा. मग काय करायचं, तर पाहुण्यांसाठी गेस्ट पास असतो. पासपोर्ट पाहून त्यांनी एक चिठ्ठी छापून दिली, तिच्यावर एक क्रमांक आणि एक पिन. फी नाही. कुठून आलात, कशासाठी बसायचंय, व्हिसा कुठला, यातलं एक अक्षर विचारलं नाही. आमच्या काउंटरवर मी आयुष्यभर लोकांना कागद मागत आले, म्हणून हे ठळक जाणवलं.

खुर्चीवर बसल्यावर पडद्यावर आधी नियमांचं पान येतं आणि खाली 'मान्य आहे'चं बटण. शेजारचा मुलगा ते न वाचताच पुढे गेला. मी पूर्ण वाचलं आणि तुम्हीही वाचा असं सांगेन, कारण पुढच्या सगळ्या अडचणींची उत्तरं तिथेच होती. एका बैठकीला एक तास. रांगेत कुणी नसेल तर वेळ वाढवून मिळतो, पण दिवसाची कमाल मर्यादा आहे. आवाज ऐकायचा तर हेडफोन लावूनच. संगणकावर काही साठवलं तर बैठक संपताच ते पुसलं जातं आणि परत मिळत नाही. नवीन प्रोग्राम बसवता येत नाही, पेनड्राइव्ह मात्र लावता येतो. कर्मचारी माऊस कसा धरायचा, छपाई कशी करायची हे दाखवतील. तुमचा अर्ज भरून देणार नाहीत, पासवर्ड टाइप करणार नाहीत, कायद्याचा सल्ला देणार नाहीत. आणि अश्लील चित्रं रोखणारी गाळणी लावलेली आहे.

त्या गाळणीबद्दल मला कुतूहल होतं, म्हणून नंतर एका ग्रंथपालांना विचारलं. अमेरिकेत २००० साली चिल्ड्रन्स इंटरनेट प्रोटेक्शन ॲक्ट झाला. इंटरनेटच्या खर्चात केंद्र सरकारची सवलत घेणाऱ्या ग्रंथालयांना ही गाळणी लावावी लागते. वाचकांच्या स्वातंत्र्यावर घाला येतो म्हणून ग्रंथालयांची संघटना कोर्टात गेली, पण २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा कायम ठेवला. मात्र प्रौढ वाचकाला कायदेशीर कामासाठी गाळणी काढून घेता येते, फक्त सांगायचं. मला तिचा कुठेच अडथळा झाला नाही. पण एखादं औषधाचं किंवा आजाराचं पान अडलं तर गप्प उठून जाऊ नका, काउंटरवर सांगा.

ईमेल उघडायची वेळ आली तेव्हा अपेक्षित तेच झालं. नवा देश, नवा संगणक, म्हणून गुगलने ओळख पटवायला सांगितलं आणि फोनवर संदेश पाठवतो म्हणाला. त्या फोनचं सिम बंद. भाच्याने निघण्यापूर्वी गुगलच्या खात्यातून आठ-आठ आकड्यांचे बॅकअप कोड छापून दिले होते, त्यातला एक टाकला आणि ईमेल उघडला. एक कोड एकदाच चालतो, वापरला की पेनने खोडायचा. परदेशी येणाऱ्या प्रत्येक ज्येष्ठाच्या पासपोर्टच्या पाकिटात हा कागद हवा.

भाच्याने पाठवलेला बँकेचा फॉर्म छापायला दिला. इथे 'प्रिंट' म्हटलं की कागद लगेच येत नाही. तो काउंटरजवळच्या यंत्राकडे जातो, तिथे आपला क्रमांक टाकायचा, पैसे भरायचे आणि मग कागद बाहेर येतो. आमच्या ग्रंथालयात काळ्या-पांढऱ्या पानाला १५ सेंट पडतात. ही पद्धत मला फार आवडली, कारण आपला खाते क्रमांक असलेलं पान दुसऱ्याच्या हातात पडत नाही. सुटी नाणी बरोबर ठेवा. कार्डाने पैसे घेणारं यंत्र सगळीकडे असेलच असं नाही.

कागद हातात आला तो खालून कापलेला. बरोबर सहीची आणि शिक्क्याची ओळच गायब. आपल्याकडचे फॉर्म ए-४ आकाराचे असतात आणि अमेरिकेत सर्रास लेटर आकाराचा कागद वापरतात. तो ए-४ पेक्षा सुमारे पावणेदोन सेंटिमीटरने आखूड असतो. ग्रंथपालांनी छपाईच्या चौकटीत 'फिट' हा पर्याय दाखवला. तो निवडला की सगळं पान थोडं लहान होऊन पूर्ण येतं. भारतातला कुठलाही सरकारी फॉर्म इथे छापताना हे आधी बघा. पैसे वाचतात, आणि बँकेतून 'फॉर्म अपुरा' असा शेरा येत नाही.

याच ग्रंथालयात आठवड्यातले ठरावीक दिवस नोटरी बसतात. न्यू जर्सीत नोटरीला एका साक्षांकनासाठी कायद्याने अडीच डॉलर घेता येतात, पण ग्रंथालयात ही सेवा फुकट आहे. ६ नोव्हेंबरला वेळ मागायला गेले तेव्हा नोटरीबाईंनी फॉर्म वाचला आणि मान हलवली. फॉर्मवर लिहिलेलं होतं की खाली सही करणारा प्रमाणित करतो की मी पेन्शनरला पाहिलं आहे आणि ती आज हयात आहे. अमेरिकन नोटरीचं काम समोरच्या माणसाची ओळख तपासणं आणि त्याने आपल्यासमोर सही केली किंवा शपथ घेतली एवढं नोंदवणं. कोण जिवंत आहे याचा दाखला स्वतःच्या नावाने देणं त्यांच्या अधिकारात बसत नाही. क्षणभर पोटात गोळा आला. पण त्यांनीच मार्ग सांगितला. मी स्वतःचं निवेदन लिहावं, 'मी अमुक, आज हयात आहे' असं शपथेवर सांगावं, त्यावर त्या शपथेचं प्रमाणपत्र आणि शिक्का देतील. निवेदन इंग्रजीतच हवं, कारण वाचता न येणाऱ्या भाषेतल्या कागदावर त्या शिक्का मारत नाहीत. मराठी किंवा हिंदी फॉर्म घेऊन येणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

बँकेला हे चालेल का, ते विचारल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नव्हता. ३ नोव्हेंबरला इथली घड्याळं एक तास मागे गेली होती, त्यामुळे भारत साडेदहा तास पुढे. कोल्हापुरात सकाळी दहाला शाखा उघडते तेव्हा इथे रात्रीचे साडेअकरा. सगळं घर झोपलेलं असताना स्वयंपाकघरात बसून भाच्याला फोन लावला, तो शाखेत काउंटरसमोर उभा. साहेबांनी सांगितलं की बँकेचा फॉर्म भरलेला हवा आणि त्याला नोटरीने साक्षांकित केलेलं निवेदन जोडलेलं हवं. निवेदनात पीपीओ (पेन्शन पेमेंट ऑर्डर) क्रमांक, खाते क्रमांक आणि पासपोर्ट क्रमांक यायलाच हवेत. शिवाय मूळ कागद हवा, नुसता स्कॅन चालणार नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही. बँकेची अट चुकीची नव्हती, नोटरीबाईही बरोबर होत्या, आणि दोन बरोबर नियमांच्या मधल्या जागेत माझी पेन्शन होती.

८ नोव्हेंबरला निवेदन टाइप करायला बसले. मी टाइपराइटरवर शिकलेली, बोटं चालतात. तरी कोपऱ्यातलं उलटं चालणारं घड्याळ बघून छातीत धडधडायचं. पाच मिनिटं उरली की पडद्यावर सूचना येते. माझ्यामागे कुणी थांबलेलं नव्हतं म्हणून वेळ वाढवून मिळाला. दर परिच्छेदाला मी मजकूर स्वतःलाच ईमेल करत होते, कारण यंत्र काही जपून ठेवणार नव्हतं. भाच्याला मराठीत दोन ओळी लिहायच्या होत्या तर कळफलक फक्त इंग्रजी आणि नवीन काही बसवायची मुभा नाही. गुगलची इनपुट टूल्स ब्राउझरमध्येच उघडतात, रोमनमध्ये टाइप केलं की देवनागरी उमटते. तेवढ्याने काम झालं. पेन्शनची माहिती पाहायला भारतातलं एक सरकारी संकेतस्थळ उघडत होते, ते काही केल्या येईना. आपली काही सरकारी संकेतस्थळं परदेशातून येणारी जोडणीच नाकारतात. तो दोष ग्रंथालयाच्या इंटरनेटचा नसतो. तिथे वेळ घालवण्यापेक्षा भारतातल्या माणसाला तेवढं पान पाठवायला सांगणं सोपं.

उठताना ईमेलमधून बाहेर पडले आणि बैठक संपवण्याचं बटण दाबलं. यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू झालं, माझं काही मागे राहिलं नाही. न्यू जर्सीच्या कायद्यात ग्रंथालयाच्या वापराच्या नोंदी गोपनीय ठरवलेल्या आहेत. न्यायालयाचा आदेश किंवा समन्स असल्याशिवाय त्या कुणा बाहेरच्याला दाखवता येत नाहीत. आपल्याकडे सायबर कॅफेंसाठी २०११ चे नियम आहेत, त्यांत ओळखपत्र, नाव-पत्ता, यंत्राचा क्रमांक, बसल्या-उठल्याची वेळ अशी नोंद करून ती निदान वर्षभर ठेवायची असते. त्यामागे सुरक्षेची कारणं आहेत, ती मला समजतात. तरी मला वाटतं, आपल्या गावोगावच्या वाचनालयांत संगणक येतील तेव्हा वाचकाने काय पाहिलं ते वाचकाचंच राहील, अशी तरतूद आधीच असावी. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे. ज्या घरांत संगणक नाही तिथल्या पोरांना स्पर्धा परीक्षेचा अर्ज भरायला वाचनालयात तासभर हक्काची खुर्ची मिळाली, तर कितीतरी जणांचे पैसे आणि हेलपाटे वाचतील. हे मी स्वतः त्या खुर्चीवर बसल्यावर म्हणते आहे.

११ नोव्हेंबरला व्हेटरन्स डेची सुट्टी होती, ग्रंथालय बंद. नोव्हेंबरात इथे सुट्ट्या बऱ्याच असतात, महिनाअखेरीला थँक्सगिव्हिंगही येतं. आपल्याकडची शेवटची तारीख आणि इथल्या सुट्ट्या शेजारी शेजारी लिहून कामाला लागा.

१२ तारखेला, मंगळवारी, नोटरीची वेळ मिळाली. सही आधी करायची नाही, त्यांच्यासमोरच करायची. पासपोर्ट पाहिला, उजवा हात वर करून शपथ घ्यायला लावली, मग सही. २०२१ च्या कायद्याप्रमाणे न्यू जर्सीत नोटरींना प्रत्येक कामाची नोंदवही ठेवावी लागते, तीत माझं नाव, तारीख आणि कागदाचा प्रकार लिहिला. ती वही बघून माझा जीव भांड्यात पडला. नोंद झाली म्हणजे काम झालं, असं पस्तीस वर्षांच्या नोकरीने अंगात मुरलेलं आहे. त्या तारीख घालायला लागल्या तेव्हा मी एक विनंती केली. इथे आधी महिना लिहितात, मग दिवस. १२ नोव्हेंबर म्हणजे ११/१२/२०२४. कोल्हापुरात तेच ११ डिसेंबर वाचलं गेलं असतं, म्हणजे पुढची तारीख, आणि दाखला सरळ परत आला असता. त्यांनी हसून महिना अक्षरांत लिहिला. शिक्क्यात नोटरीच्या नेमणुकीची मुदत स्पष्ट उमटली आहे ना, तेही पाहून घ्या.

तिथल्याच स्कॅनरवर दोन्ही कागद स्कॅन करून ईमेल केले. स्कॅनला पैसे नाहीत. मूळ कागदासाठी कुरिअरची चौकशी केली तर दर ऐकून थक्क झाले. पण लेकीच्या ओळखीतलं एक कुटुंब १५ तारखेला पुण्याला निघालं होतं. त्यांच्या हातात पाकीट दिलं, त्यांनी पुण्यातून स्पीड पोस्ट केलं आणि नोव्हेंबर संपण्याआधीच भाच्याने शाखेत देऊन पोच घेतली. पोच घ्याच, आणि तिचा फोटो मागवून घ्या. महिन्याअखेरीला नोव्हेंबरची पेन्शन नेहमीसारखी जमा झाली. खरा कस डिसेंबरच्या पेन्शनचा होता, कारण दाखल्याची नोंद झाली नसती तर तीच अडली असती. ती जमा झाल्याचं भाच्याने कळवलं तेव्हा मी लेकीला मिठी मारली.

एकूण खर्च म्हणाल तर छपाईचे जेमतेम दीड डॉलर आणि पुण्याहून स्पीड पोस्टचे पैसे.

दरम्यान मी स्वतःचं कार्डही करून घेतलं. पाहुण्या आईबापांची अडचण पत्त्याच्या पुराव्याची असते, वीजबिल मुलाच्या नावाने आणि आपल्या नावाने काहीच नाही. आमच्या ग्रंथालयाने माझ्या नावाने लेकीच्या पत्त्यावर एक पोस्टकार्ड पाठवलं. ते घेऊन गेले, पासपोर्ट दाखवला, कार्ड मिळालं. प्रत्येक गावाचा नियम वेगळा असतो. कुठे पत्त्यावर आलेलं बँकेचं पत्र चालतं, कुठे बाहेरच्यांना वर्षाची फी पडते. जाण्यापूर्वी फोन करून विचारा, आणि 'मी इथे काही महिन्यांसाठी आले आहे' हे आधीच सांगा. कार्ड असलं की संगणक घरून राखून ठेवता येतो आणि ठरलेल्या वेळेला थेट खुर्चीवर जाऊन बसता येतं.

ज्यांना संगणकाची फारच भीती वाटते त्यांनी दुपारी अकरा ते दोनच्या दरम्यान जावं. शाळा सुटल्यावर पोरं येतात, मग यंत्रं भरतात आणि कर्मचाऱ्यांना सावकाश दाखवायला वेळ नसतो. आमच्याकडे दर गुरुवारी एक ग्रंथपाल अर्धा तास शेजारी बसून संगणक शिकवतात, नाव आधी नोंदवावं लागतं. मी आता तिथे पीडीएफवर सही कशी करायची ते शिकते आहे.